म्हशीचा रंग

“फोटो झ्याक आलाय पोरी, पर ही म्हस आमची न्हवं.”

दिवाळी पाडव्याच्या दुपारी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर एका गवळीमामांनी माझ्या पुतणीला हे सांगितलं. आवाजात राग नव्हता, कुरकुरही नव्हती. कॅमेऱ्यामागच्या छोट्या स्क्रीनकडं त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मान वळवून म्हशीकडं पाहिलं, परत स्क्रीनकडं पाहिलं आणि मग बोलले. म्हैस समोरच उभी होती. अंगावरचे केस कातरून काढलेली वेलबुट्टी, शिंगांना लाल रंग, टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात तोडे. सकाळपासून तेल चोळून चोळून तिची पाठ अशी काळीकुळकुळीत केली होती की घाटाचा काळा दगडसुद्धा तिच्यापुढं फिका वाटावा. स्क्रीनवरची म्हैस मात्र राखाडी होती, चुलीतली राख अंगावर उधळल्यासारखी. मामांच्या सदऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग होता, त्यात ना घडी दिसत होती ना गुंडी. कपाळ आणि नाकाचा शेंडा तर पार उडून गेला होता. मामांनी म्हशीच्या पाठीवरनं तळहात फिरवला आणि तो तेलकट काळसर हात पुतणीपुढं धरला. “ह्यो बगा. ह्यो रंग पायजे.”

मी बाजूला फ्लॅशचा स्टँड धरून उभा होतो. घाटावर त्या दिवशी स्टँड असाच कुणीतरी धरावा लागतो. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली, त्यांच्यामागं धावणाऱ्या म्हशी, हलगी, पोरांचा कल्ला, यात तो कधी आडवा होईल सांगता येत नाही. पुतणी प्री-वेडिंग आणि लग्नाची कामं करते. तिचा हात चांगला आहे आणि यंत्राचीही तिला जाण आहे. दोनशे वॉट-सेकंदाचा बॅटरीवरचा फ्लॅश, कॅमेऱ्यावर तो उडवणारा ट्रिगर, लेन्स एफ-२.८ वर, म्हणजे तिचं तोंड चांगलं मोठं उघडं. मागची गर्दी विरघळून जावी, म्हैस आणि मामा तेवढे उठून यावेत हा बेत. ऊन मागून येत होतं, त्यामुळे म्हशीचं तोंड आणि फेट्याखालचा मामांचा चेहरा सावलीत. म्हणून फ्लॅश. एवढ्या उन्हात एफ-२.८ ठेवायचं तर शटर फार वेगात चालवावं लागतं, म्हणून हाय-स्पीड सिंक, म्हणजे एचएसएस. सगळं जिथल्या तिथं होतं. ट्रिगरवर एचएसएसची खूण दिसत होती. तरी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला जाऊन आपटला होता; फोटो ओव्हर, हवा त्यापेक्षा फार उजळ.

“काका, एचएसएस चालू आहे. मग ओव्हर का जातंय?”

हा प्रश्न मी फोटो काढणाऱ्या पोरांकडून नेहमी ऐकतो. त्यामागं एक समजूत असते की एचएसएस हा उन्हावरचा उतारा आहे, तो चालू केला की फोटो ओव्हर जाणार नाही. खरं तर त्याचं काम एवढंसं आहे. शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्यामागून मिटत येतो. १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा मिळतो की पहिला पूर्ण उघडलाय आणि दुसरा अजून निघालेला नाही. सेन्सर अख्खा उघडा. त्या क्षणात फ्लॅश एकदा लखकन उडाला की काम झालं. त्याहून वेग वाढवला की तो क्षणच उरत नाही, पहिला पडदा पलीकडं पोचायच्या आधीच दुसरा निघतो. दोघांमधली फट तेवढी सेन्सरवरून सरकत जाते. १/४००० ला ही फट साधारण दीड मिलिमीटरची असते. चोवीस मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवरून दीड मिलिमीटरचा उजेडाचा पट्टा सरकतोय आणि त्यातून अख्खं चित्र उतरतंय, हे मी कितीदा समजावून सांगितलं तरी माझं मलाच नवल वाटतं. अशा फटीवर एकदाच फ्लॅश उडवला तर चित्राचा एक पट्टा उजळेल, बाकी काळोख. म्हणून एचएसएसमध्ये फ्लॅश एकदा उडत नाही, फट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तो हजारोंच्या वेगानं लुकलुकत राहतो. त्या तेवढ्या वेळापुरता तो फ्लॅश राहत नाही, सतत जळणारा दिवा होतो.

आणि दिवा झाला की त्याला दिव्याचे नियम लागू होतात. साध्या सिंकमध्ये शटर बदललं तर मागचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही. फ्लॅश इतका थोडा वेळ जळतो की शटरनं त्याचं काही बिघडत नाही. एचएसएसमध्ये मात्र शटर दुप्पट वेगानं केलं की ऊनही निम्मं आणि फ्लॅशही निम्मा. शटर हळू झालं की दोन्ही एकदम वाढतात. शिवाय ताकद वाया जाते ती वेगळीच, कारण फ्लॅशचा बराचसा उजेड बंद पडद्यावरच पडतो. सिंकची मर्यादा, म्हणजे ते १/२००-१/२५०, ओलांडल्या ओलांडल्या दोनेक स्टॉप तरी जातात; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट.

हे सगळं पुतणीला ठाऊक होतं. तिनं भराभर एकेक तपासलं. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा, १००, ऑटोवर नाही. फ्लॅशवर आधीच्या कामातलं जादा कॉम्पेन्सेशन, म्हणजे हातानं वाढवलेला जोर, राहिलेलं नाही. मग मी तिला शटरचा आकडा विचारला. १/८००.

तो आकडा त्या दुपारला शोभत नव्हता. स्वच्छ उन्हात एफ-१६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे १०० ला १/१००, हा हिशेब फिल्मच्या जमान्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. तिथून एफ-२.८ पर्यंत उघडत आलं की पाच स्टॉप होतात आणि १/३२०० येतं. डोक्यावर तसलं ऊन होतं. मग कॅमेरा १/८०० का सांगत होता? दोन स्टॉप जास्त उजेड कुणासाठी मागत होता?

म्हशीसाठी.

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर होता, म्हणजे लेन्सचं तोंड आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्यानं. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून परत येणारा उजेड मोजून आपला जोर आपणच ठरवणारा. दोघांनाही एकच शिकवण मिळालेली असते: समोर जे असेल ते सरासरीनं मध्यम राखाडी असणार, तेव्हा ते मध्यम राखाडी दिसेल एवढा उजेड घ्या. अठरा टक्के उजेड परत फेकणारा राखाडी, तो त्यांचा मापदंड. फ्रेममध्ये काळी म्हैस आणि तिच्यामागं काळ्या दगडाच्या पायऱ्या. कॅमेऱ्यानं पाहिलं, म्हणाला अंधार आहे, शटर हळू करा. ते हळू झाल्यावर एचएसएसच्या नियमानं फ्लॅशचाही परिणाम वाढला. टीटीएलनं फोटोच्या आधी एक बारीक प्री-फ्लॅश टाकून पाहिला, म्हशीवरून फारसं काही परत आलं नाही, म्हणून त्यानंही आणखी जोर लावला. दोन्ही मीटर एकाच गोष्टीला फसले आणि फसले तेही एकाच दिशेला. म्हशीला ओढून मध्यम राखाडीवर आणून उभं केलं. तिच्याशेजारी जे जे पांढरं आणि उजळ होतं, ते त्या ओढाताणीत जळलं. यंत्र बिघडलं नव्हतं; त्याला जे शिकवलंय ते त्यानं मन लावून केलं होतं. म्हशीचं काळेपण हा त्याच्या लेखी अपुरा उजेड होता.

मला सलत राहिलं ते हेच.

कारण या उजेडाच्या हौसेला आमच्या घरानं आयुष्यभर सेवा पुरवली. वडिलांचा शुक्रवार पेठेत स्टुडिओ होता. दाखवायला द्यायचा मुलीचा फोटो काढायला आई, आत्या, कधी शेजारची काकू असा लवाजमा यायचा आणि मुलगी स्टुलावर बसायच्या आधीच काउंटरवर वाक्य यायचं, “जरा उजळ काढा हं.” वडील हो म्हणायचे. रात्री जेवणं झाली की ते निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायचे आणि टोक काढून सुईसारख्या केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावर हलके हलके ठिपके देत बसायचे. निगेटिव्हवर जिथं शिसं चढतं तिथं प्रिंटमध्ये कागद उजळ राहतो; डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकाशेजारच्या रेघा अशा निघून जायच्या. प्रिंट करतानाही एखादा सेकंद कमी. सावळी मुलगी गव्हाळ होऊन पाकिटात जायची. त्या पेन्सिलीचा आवाज मला अजून आठवतो, कागद कुरतडल्यासारखा. वडिलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फोटोपायी स्थळ हातचं गेलं असं कुणाच्या बाबतीत व्हायला नको, अशी त्यांची माया होती, आणि ती खोटी नव्हती. पण फोटो घ्यायला आलेल्या मुली मला आठवतात. आई निरखून निरखून बघायची, खुलायची. मुलगी एक नजर टाकायची आणि पाकीट पर्समध्ये सरकवायची. लहानपणी वाटायचं लाजत असेल. आता तसं वाटत नाही. त्या काउंटरवर बसून मी कैक वर्षं लोकांची फर्माईश ऐकली, आणि काळं ते काळंच दिसलं पाहिजे असा हट्ट धरणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं ते घाटावर, म्हशीचा कासरा हातात धरून.

वडिलांच्या हातून मात्र म्हैस कधी राखाडी झाली नसती, हेही तितकंच खरं. ते फ्लॅश वापरायचे तो अंतरावर. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, भागिले अंतर, उत्तर येईल ते ॲपर्चर. बत्तीस गाइड नंबरचा फ्लॅश, चार मीटरवर माणूस, एफ-८ लावा. या हिशेबात समोर म्हैस आहे का चुनकळी दिलेली भिंत, याला काही किंमतच नाही. किती उजेड पडतोय एवढंच मोजायचं; पडलेल्यातला किती परत फेकायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. काळं असेल ते कमी फेकेल आणि काळंच दिसेल. टीटीएल आलं, ते परत आलेला उजेड मोजतं, आणि तिथून हा घोळ सुरू झाला. सोय अफाट झाली, ते नाकारता येणार नाही. वरातीत, हळदीत, गर्दीत अंतरं मोजत बसायला कुणाला सवड आहे? पण समोरच्याचा रंग त्या मोजणीत मिसळला गेला, एवढं खरं. कोल्हापुरात तर हे आणखी जाणवतं. तालमीच्या लाल मातीत घोळलेले पैलवान, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण, गुऱ्हाळातली धुरानं माखलेली कढई, आमच्या कितीतरी लोकांचे उन्हात राबून रापलेले चेहरे. इथलं फारसं काही अठरा टक्क्यांवर थांबत नाही.

याच गावात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या माणसांनी सुटे भाग जमवून, कातून, घडवून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा उभा केला आणि त्यावर घेतलेला चित्रपट १९२० मध्ये लोकांनी पडद्यावर पाहिला. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून जाताना मला दरवेळी वाटतं, त्या मंडळींना मोजायला काय होतं? हाताने फिरवायचा कॅमेरा, ऊन आणि डोळा. ते चित्रकार होते, काळ्यातसुद्धा किती काळं असतं हे त्यांना कुंचल्यानं माहीत होतं.

घाटावर पुतणीनं पहिला उपाय केला तो बरोबर होता. फ्लॅश टीटीएलवरून काढून मॅन्युअलवर घेतला, पाव पॉवर, अंतर दोन मीटर. कॅमेऱ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन दिलं, म्हणजे तू ठरवतोस त्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड घे. शटर १/३२०० वर गेलं. म्हैस काळी झाली. कातरलेली वेलबुट्टी दिसायला लागली, कारण ती नक्षी म्हणजे काळ्यावर काळं, तेलाच्या चमकेनं तेवढी उमटणारी. राखाडी झाली की ती पुसलीच जाते. सदऱ्याची गुंडी परत आली. मामा “हां” म्हणाले. तेवढ्यात ढग आला.

दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडं परतीच्या पावसाचे चुकार ढग असतातच. ऊन गेलं, घाट निवला, आणि पुढचा फोटो पांढराफटक. पहिल्यापेक्षा वाईट. ऊन होतं तेव्हा बरोबर आणि ढग आला की जळतोय, हे पाहून शेजारी उभी असलेली कॅमेरेवाली पोरंही चक्रावली. एकानं ट्रिगर बिघडला म्हणून सांगितलं, एकानं फ्लॅश बदलायचा सल्ला दिला. पुतणी गप्प उभी राहून आकडे बघत होती. मग तिचं तिलाच उमगलं, तो चेहरा मी पाहिला. शटर १/२५० वर उतरलं होतं.

फ्लॅश मॅन्युअल होता, पण शटर अजून कॅमेऱ्याच्याच हातात होतं. ढग आल्यावर कॅमेऱ्यानं शटर हळू हळू करत थेट सिंकच्या मर्यादेत आणलं. तिथं एचएसएस संपतं. लुकलुकणारा दिवा जाऊन फ्लॅश पुन्हा फ्लॅश होतो आणि त्याची अख्खी पाव पॉवर एका झटक्यात, कुठल्याही पडद्यावर वाया न जाता, सेन्सरवर येते. १/३२०० ला जो उजेड माफक होता, तो इथं साडेपाच-सहा स्टॉप जास्त. पातळ ढगात शटर १/१६०० किंवा १/८०० वर थांबलं असतं तरी फ्लॅश दुप्पट, चौपट झालाच असता. फक्त इतका उघड कळला नसता आणि फोटो नुसते “जरा ओव्हर” म्हणून राहिले असते. एचएसएसमध्ये फ्लॅश हातानं लावायचा तर शटरही हातानंच लावलं पाहिजे. एक धरून दुसरं सोडलं की ढगाच्या तालावर नाचावं लागतं. तिनं कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर टाकला, आणि ढग सरकेपर्यंत आम्ही थांबलो. मामांनी तेवढ्यात म्हशीच्या पाठीला आणखी एक हात तेलाचा दिला.

इथं एक सांगून ठेवतो, कारण चैत्रात जोतिबाची यात्रा करून आलेली पोरं हीच तक्रार घेऊन येतात. तिथं कारण वेगळं असतं. गुलाल. तो हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत जातो, बारीक टोकांवर घामाबरोबर बसतो, आणि कॅमेरा आणि फ्लॅश यांचं बोलणं तुटतं. मग कधी फ्लॅश उडतच नाही, कधी पूर्ण ताकदीनं उडतो, एचएसएसची खूण येते-जाते. सेटिंगमध्ये शोधत बसून सापडायचं नाही. काढा, कोरड्या सुती फडक्यानं दोन्हीकडची टोकं पुसा, घट्ट बसवा. आणि वायरलेस ट्रिगर आपल्याच कंपनीच्या कॅमेऱ्यासाठीचा आहे ना तेही बघा. मधली एकच पिन चालवणारा साधा ट्रिगर फ्लॅश उडवेल, पण एचएसएस त्याला जमत नाही.

ऊन परत आलं. मामांनी म्हशीला नुसती हाक मारली आणि ती दोन पावलं पुढं येऊन, मान वर करून उभी राहिली. तसं तिला शिकवलंच होतं. आलेला फोटो बघून मामा काही बोलले नाहीत, त्यांनी मुलाला हाक मारली, मुलानं नातवाला. तिघं त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकले. नातू म्हणाला, “आज्जा, लक्ष्मीच हाय की!” त्याची मोठी प्रिंट आता त्यांच्या दूध कट्ट्यावर, बिलाच्या वह्यांच्या वर लागली आहे. प्रिंट करताना लॅबवाल्या पोरानं सवयीनं सावल्या उचलून उजळ केल्या होत्या, पुतणीनं त्या परत खाली आणायला लावल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि तिची कामं सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पन्हाळ्यावर एक प्री-वेडिंग आहे, भर दुपारचं, कारण नवऱ्या मुलाला संध्याकाळी परत पुण्याला जायचंय. मुलगी चांगली सावळी आहे, गडद हिरवी नऊवारी नेसणार आहे, मुलगा पांढऱ्या कुर्त्यात. परवा मुलीच्या आत्याचा फोन आला, मी समोरच होतो. “जरा ब्राइट ठेवा हं ताई, तिचा रंग जरा डार्क आहे.” काउंटरवरचं तेच वाक्य, फक्त शब्द बदललेले. मला वाटलं ही हो म्हणेल. धंदा आहे, ॲडव्हान्स घेतलाय. ती म्हणाली, “आत्या, फोटो ब्राइट येतील. रंग तिचाच राहील. पहिले दोन-तीन काढले की तिलाच दाखवते, तिला आवडले तर पुढं जाऊ.” तिकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग “बघू, आधी दाखवा तर” असं म्हणून फोन ठेवला.

फोन ठेवून ती मला एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्सपुढं लावायच्या उजेड कमी करणाऱ्या काचेचं विचारायला लागली. एनडी-८ घेऊ का? मी म्हटलं, तो तीन स्टॉप खाईल, १/३२०० चं १/४०० होईल, म्हणजे अजून एचएसएसमध्येच अडकशील. एनडी-१६ घे. चार स्टॉप गेले की १/२०० येतं, साधं सिंक चालतं, फ्लॅशची ताकद वाया जात नाही आणि शटरला हात न लावता फ्लॅशचा उजेड तुझा तू कमी-जास्त करू शकतेस. फक्त स्वस्तातला घेऊ नकोस, तो चेहऱ्यावर रंगाची झाक चढवतो. ती किमती बघायला बसली आहे.